सावली पकडणारं वाऱ्याचं गाव

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी पृथ्वीगोल आहे? नसला तरी भूगोलाच्या पुस्तकातला जगाचा नकाशा चालेल. तो उघडा आणि दक्षिण अमेरिका शोधा. वर रुंद आणि खाली निमुळती, गाजर उभं धरल्यासारखी दिसते बघा. या गाजराच्या शेपटीकडच्या भागाला पॅटागोनिया म्हणतात. त्याच्या पश्चिमेला अँडीज पर्वताची उंच भिंत आणि पूर्वेला अटलांटिक महासागर. आता पूर्वेच्या किनाऱ्यावरून बोट फिरवत खाली या. एके ठिकाणी समुद्र जमिनीत अर्धगोल घुसलेला दिसेल. ते सान होर्खे आखात. त्याच्या काठावर एक ठिपका आहे, आणि ठिपक्याशेजारी नाव आहे कोमोडोरो रिवादाविया.

अडखळली ना जीभ? आमच्या चौथीच्या वर्गाचीही पहिल्या दिवशी अडखळली. दुसऱ्या दिवशी मात्र मधल्या सुट्टीत सगळी पोरं एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करत होती आणि गाडीचा आवाज होता, 'कोमोडोरो-कोमोडोरो-कोमोडोरो'. त्यामुळे तुम्हालाही जमेल.

आज आपण या गावाला जाऊन यायचं आहे. मी काही तिथं गेलेले नाही. एका प्राथमिक शिक्षिकेला अर्जेंटिना जरा लांबच! पण नकाशा, फोटो आणि तिथल्या लोकांनी लिहून ठेवलेली हकिगत हाताशी असली की प्रवास करता येतो, आणि त्याला तिकीटही लागत नाही.

मुंबईहून निघालात तर वाटेत विमान बदलत बदलत आधी ब्युनॉस आयर्सला पोचायचं. ही अर्जेंटिनाची राजधानी. तिथून पुढे एक लांबच लांब रस्ता किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट दक्षिणेला जातो. त्याचं नाव 'राष्ट्रीय मार्ग क्रमांक ३'. हे नाव लक्षात ठेवा, पुढे गोष्टीत या रस्त्याचं मोठं काम आहे. या रस्त्यानं सतराशे-अठराशे किलोमीटर गेलं की कोमोडोरो येतं. सुरुवातीला हिरवी कुरणं लागतात. मग हळूहळू हिरवा रंग कमी होत जातो आणि नुसतं माळरान उरतं. गुडघ्याएवढी काटेरी झुडपं, पिवळं गवत, दगडगोटे. त्यात मधूनच ग्वानाको नावाचे प्राणी दिसतात. उंटाचे हे चुलतभाऊ, पण अंगानं हरणासारखे आणि पाठीवर मदार नाही. मेंढ्यांचे कळपही दिसतात. झाड मात्र शोधावं लागतं.

असं का बरं? आपल्याकडे सह्याद्री ओलांडून पूर्वेला गेलं की पाऊस कमी होतो, हे तुम्ही शिकला आहात. महाबळेश्वरला धो धो पाऊस, आणि माण-खटावला आभाळाकडे डोळे. तिथंही तसंच आहे. तिकडचे वारे पश्चिमेकडून येतात. अँडीजवर चढताना सगळं पाणी सांडून टाकतात आणि कोमोडोरोला पोचतात ते कोरडे ठाक होऊन. पाणी नाही, पण जोर केवढा! ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोतही तिथल्या लोकांना नवे नाहीत. पॅटागोनियात वाऱ्याला अडवायला ना झाड ना डोंगर. तिथं छत्री उघडण्याचा विचार कुणी करत नसावं.

हे शहर तसं जुनं नाही. १९०१ साली बंदर म्हणून त्याची सुरुवात झाली. 'कोमोडोरो' हा आरमारातला एक हुद्दा. मार्टिन रिवादाविया नावाचे आरमारी अधिकारी अर्जेंटिनाचे नौदलमंत्री होते, त्यांचं नाव गावाला दिलं. गावात सगळं होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. म्हणून जमिनीत भोक पाडून पाणी शोधायचं काम सुरू झालं. पाचशे मीटरांहून खोल गेले तरी पाणी लागेना. आणि १३ डिसेंबर १९०७ रोजी वर आलं ते काळं, चिकट, वासाचं. खनिज तेल! पाण्याच्या शोधात निघालेलं गाव तेलाचं गाव झालं. आजही तिथल्या माळावर तेल उपसणारे लोखंडी पंप घोड्यासारखी मान खालीवर करत उभे असतात. आणि पाणी? ते दीडशे किलोमीटरवरच्या मुस्टर्स तलावातून नळानं आणावं लागतं.

गावाच्या मागे चेंके नावाची उघडीबोडकी टेकडी आहे, दोनशे मीटरांहून थोडी उंच. दक्षिणेला थोड्याच अंतरावर रादा तिली नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथल्या कड्याखाली सागरी सिंह येऊन पडतात. पश्चिमेला सार्मिएंतोजवळ झाडांचे दगड झालेलं एक प्राचीन रान आहे. ओंडके तसेच पडलेले, साली आणि वर्षांच्या वलयांसकट, पण हातात घ्याल तर दगड. या सगळ्यावर वेगळा लेख होईल. आपल्याला घाई आहे, कारण आपल्याला १७ जुलै २०१७ च्या रात्री तिथं असायचं आहे.

त्या रात्री या गावावरून एक सावली जाणार होती.

कुणाची सावली? ते कळायला सूर्यापासून फार लांब जावं लागेल. सूर्य, मग बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे तुमचं पाठ आहे. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाळ गोळ्यांचा एक प्रचंड पट्टा आहे. त्याला कायपरचा पट्टा म्हणतात. प्लूटो त्यातलाच. ग्रहमाला तयार झाली तेव्हा जो माल उरला, तो तिथं थंडीत जसाच्या तसा पडून राहिला आहे. २०१४ साली हबल दुर्बिणीनं या पट्ट्यात एक इवलासा ठिपका टिपला. शोधणाऱ्यांत मार्क बुई नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ पुढे होते. त्या ठिपक्याला '२०१४ एमयू ६९' असा नुसता नंबर मिळाला. पुढे २०१९ मध्ये त्याचं बारसं झालं, ॲरोकॉथ. अमेरिकेतल्या पोहाटन या आदिवासी लोकांच्या भाषेत याचा अर्थ आकाश. आपण सोयीसाठी आतापासूनच हे नाव वापरू.

ॲरोकॉथ आपल्यापासून साडेसहा अब्ज किलोमीटरांवर. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला तीनशेच्या जवळपास वर्षं लागतात. म्हणजे त्यानं मागची फेरी सुरू केली तेव्हा आपल्याकडे छत्रपती शाहू महाराजांचा काळ चालू होता. आणि आकार? मुंबई ते कल्याण एवढंसुद्धा नाही, तीसेक किलोमीटर. एवढ्या लांबून ते किती दिसणार? समजा, कुणी बीजिंगमध्ये रुपयाचं नाणं हातात धरून उभं आहे आणि तुम्ही मुंबईतून ते पाहताय. मध्ये पावणेपाच हजार किलोमीटर! अगदी तेवढंच. हबलसारख्या दुर्बिणीलाही तो एक फिका कण दिसत होता. त्याचा आकार गोल की लांबट, एक की दोन, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

कळलं नाही तर बिघडलं कुठे, असं तुमच्यातले काहीजण म्हणतील. बिघडणार होतं. कारण 'न्यू होरायझन्स' हे यान त्याच्याकडे निघालं होतं. हे यान जानेवारी २००६ मध्ये पृथ्वीवरून सुटलं. जुलै २०१५ मध्ये त्यानं प्लूटोचे ते सुंदर फोटो पाठवले. आणि मग त्याला पुढचं घर दिलं होतं ॲरोकॉथचं, पोचायचा दिवस १ जानेवारी २०१९. यानाचा वेग सेकंदाला सुमारे चौदा किलोमीटर. त्याला ब्रेक नाही. थांबून, वळून, 'अरे, चुकलं, परत एकदा' असं करता येत नाही. शेजारून सूं करून जायचं आणि जाता जाता कॅमेरा नेमका त्या बाजूला असायला हवा. शिवाय ॲरोकॉथभोवती धूळ किंवा खडे फिरत असले तर? एवढ्या वेगात तांदळाच्या कणीएवढा खडासुद्धा यान निकामी करू शकतो. तेव्हा ते नक्की कुठे आहे, केवढं आहे, भोवती काय आहे, हे आधी समजायलाच हवं होतं.

दिसतच नाही ती वस्तू मोजायची कशी? इथे सावली मदतीला आली.

आकाशात ॲरोकॉथ हळूहळू सरकत असतं. सरकता सरकता कधीतरी ते एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढे येतं. मग तेवढा वेळ तारा झाकला जातो. याला पिधान म्हणतात. पिधान म्हणजे झाकणं. ग्रहणाचाच हा भाऊ. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवरून जाते, तशी इथे ताऱ्याच्या उजेडातली ॲरोकॉथची सावली पृथ्वीवरून जाते. फक्त ती आपल्याला काळी दिसत नाही. ज्याच्यावरून जाते त्याला तेवढा एक तारा विझलेला दिसतो, बस्स.

आता एक गोष्ट करून पाहा. रात्री घरात एकच दिवा लावा आणि दिव्याजवळ हात धरा. भिंतीवर राक्षसाचा पंजा! हात भिंतीकडे नेला की पंजा लहान होतो. आता हेच दुपारी उन्हात करा. हात जमिनीपासून वीतभर असो की हातभर, सावली साधारण हाताएवढीच राहते. का? सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. तारा तर त्याहून लाखो पटींनी लांब. त्यामुळे ॲरोकॉथ साडेसहा अब्ज किलोमीटरांवर असलं तरी त्याची पृथ्वीवरची सावली अगदी त्याच्याच मापाची असते. तेवढीच मोठी आणि त्याच आकाराची. मला तर हे पहिल्यांदा समजलं तेव्हा शिंप्याची आठवण झाली. गिऱ्हाईक येऊ शकत नाही, तर त्यानं आपला जुना सदरा पाठवून दिला, घ्या यावरून माप!

पण हा सदरा पळत असतो. सावलीचा वेग सेकंदाला वीस किलोमीटरांहून जास्त. मुंबईहून निघाली तर सात-आठ सेकंदांत पुण्यात. आणि तिची रुंदी वीस-तीस किलोमीटर. ती नेमकी कुठून जाणार हे आधी सांगायचं तर ताऱ्याची जागा केसाच्या बारकाईनं माहीत हवी. ती माहिती युरोपच्या गाया या उपग्रहानं दिली. आणि गणित निघालं : २०१७ सालात तीन वेळा संधी. ३ जून, १० जुलै आणि १७ जुलै.

३ जूनला सावलीचा मार्ग दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना यांच्यावरून होता. दोन्हीकडे मिळून दोन डझन दुर्बिणी मांडल्या होत्या. सगळ्यांनी तो तारा नीट टिपला. पण तो विझलाच नाही! एकाही दुर्बिणीत नाही. आता सांगा, काय समजायचं? गणित चुकलं? की ॲरोकॉथ वाटलं त्यापेक्षा फारच लहान निघालं आणि सावली दोन दुर्बिणींच्या मधून निसटली? की तो एक गोळा नसून लहान लहान खड्यांचा थवाच आहे? हा शेवटचा प्रश्न यानासाठी भीतीचा होता.

१० जुलैला दुर्बीण बसवलेलं सोफिया नावाचं विमान न्यूझीलंडहून उडालं आणि प्रशांत महासागरावर सावलीच्या वाटेवर गेलं. तेव्हाही लगेच ठळक असं काही हाती लागलं नाही. त्या नोंदीतली अगदी पुसट खूण पुढे बऱ्याच दिवसांनी सापडली. म्हणजे आता राहिला १७ जुलै. जागा कोमोडोरो रिवादाविया आणि आसपासचा मुलूख. जुलै म्हणजे तिकडे कडाक्याचा हिवाळा, आणि वारा तर बारमाही.

गावाची स्थितीही त्या वर्षी बरी नव्हती. मार्च २०१७ च्या शेवटी तिथं भयंकर पाऊस झाला होता. जिथं वर्षभरात जेमतेम पाऊस पडतो, तिथं वर्षाचा पाऊस थोड्या दिवसांत कोसळला. टेकड्यांवरची माती वाहून आली. रस्ते खचले, घरांत छातीएवढा चिखल, हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्याला साडेतीन महिनेसुद्धा झाले नव्हते. अशा वेळी परदेशातले शास्त्रज्ञ येऊन म्हणतात, आम्हाला एका न दिसणाऱ्या दगडाची सावली बघायची आहे, जरा दिवे बंद कराल का? आपल्या गावानं काय केलं असतं, यावर आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत बराच वाद झाला. तुम्हीही घरी आईबाबांना विचारून बघा.

कोमोडोरोनं दिवे बंद केले. रस्त्यावरचे दिवे विझवले. तो राष्ट्रीय मार्ग क्रमांक ३ आठवतो ना? त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी पळतात. मोटारींच्या दिव्यांचा झोत दुर्बिणीत जाऊ नये म्हणून तो रस्ता दोन तास अडवून धरला. आणि वाऱ्याचं काय करायचं? दुर्बीण जरा थरथरली तरी तारा जागचा हलणार. मग लोकांनी आपले ट्रक आणले आणि दुर्बिणींच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवे लावले. ट्रकची भिंत! शास्त्राच्या पुस्तकात हे उपकरण तुम्हाला सापडणार नाही, पण त्या रात्री त्याचा मोठा आधार झाला.

दुर्बिणी चोवीस होत्या. प्रत्येकीचा आरसा चाळीस सेंटीमीटरचा, म्हणजे घरातल्या परातीएवढा. काही किलोमीटरांचं अंतर ठेवत सावलीच्या वाटेवर आडवं कुंपण घातल्यासारख्या त्या मांडल्या. माळरानात, शेळ्या-मेंढ्यांच्या कुरणांजवळ, जिथं जागा मिळेल तिथं. प्रत्येक दुर्बिणीला कॅमेरा आणि उपग्रहावरून अचूक लावलेलं घड्याळ. बोटं बधिर करणारी थंडी. मध्यरात्र उलटली. (आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती, नऊ वाजून गेलेले. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा प्रार्थनेला उभे असाल किंवा दप्तर भरत असाल.) कॅमेरे सेकंदाला कित्येक फोटो काढत होते. ठरलेली वेळ आली आणि गेली. सावली जायला दोन सेकंदही लागले नाहीत. डोळा लावून बसलं तरी कळणार नाही असा प्रकार. खरं काय झालं ते नोंदी तपासल्यावरच समजणार होतं.

तपासलं. एका दुर्बिणीच्या नोंदीत तारा क्षणभर गायब! मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकूण पाच दुर्बिणींत तारा विझून पुन्हा पेटला होता.

फक्त पाच? हो, पण आता गंमत बघा. एक रेघांची वही घ्या आणि भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग घ्या. शेंग वहीवर रेघांना आडवी ठेवा. आता प्रत्येक रेघेचा जेवढा भाग शेंगेखाली झाकला आहे, त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं ठिपका द्या. शेंग उचला आणि खाऊन टाका. दोन-दोन ठिपके जोडा. कागदावर पाच-सहा लहानमोठ्या आडव्या रेघा राहतील. नुसत्या त्या रेघांकडे बघा. शेंग दिसते की नाही? मधली कंबरसुद्धा दिसते!

एकेक दुर्बीण म्हणजे वहीची एकेक रेघ. तारा किती वेळ विझला त्याला सावलीच्या वेगानं गुणलं की रेघेची लांबी मिळाली. पाच रेघा कागदावर मांडल्या, आणि शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हा काही साधा गोल गोळा नाही. हे जोडप्रकरण आहे. एकमेकांना चिकटलेले दोन गोळे, नाहीतर अगदी जवळून एकमेकांभोवती फिरणारे दोन. लांबी तीसेक किलोमीटर. हे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झालं. यान पोचायला अजून दीड वर्ष होतं.

आता वहीकडे परत एकदा बघा. शेंगेच्या वर आणि खाली ज्या रेघा कोऱ्या राहिल्या, त्यांचं काय? चौथीतल्या एका मुलीनं मला हेच विचारलं. ती म्हणाली, "बाई, उरलेल्या एकोणीस दुर्बिणीवाल्यांना काहीच दिसलं नाही. ते बिचारे उगाच थंडीत बसले?" मी तिला म्हटलं, कोऱ्या रेघा खोडून टाक आणि मग मला सांग, शेंग इथेच संपते हे कशावरून. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग तिनं कोऱ्या रेघांवर लाल पेन्सिल फिरवली. ज्या दुर्बिणीत तारा विझला नाही, तिनं ॲरोकॉथ इथपर्यंत नाही हे नक्की सांगितलं. आणखी एक, तिथं भोवती मोठे खडे असते तर त्यांतला एखादा कुठल्या ना कुठल्या दुर्बिणीच्या ताऱ्यासमोरून गेला असता. ३ जूनला रिकाम्या हातांनी परतलेल्यांच्या नोंदीही मग कामी आल्या. त्या रात्री सावली कुठून गेली नाही, हे त्यांच्यामुळेच ठरवता आलं.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, आणखी एक पिधान आफ्रिकेतल्या सेनेगल आणि दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया इथून पाहिलं. आणि १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स ॲरोकॉथपासून साडेतीन हजार किलोमीटरांवरून सुखरूप गेलं. तिथून संदेश यायला सहा तास लागतात. फोटो आले. दोन गोळे, मध्ये कंबर, रंग तांबूस. लांबी साधारण पस्तीस किलोमीटर. कोमोडोरोच्या थंडीत पाच रेघांनी काढलेलं चित्र आणि हा फोटो एकमेकांवर ठेवले तर जुळत होते! फक्त एक गोष्ट सावलीनं सांगितली नव्हती. ते गोळे चेंडूसारखे गोल नाहीत, चपटे आहेत. मोठा जाड थालीपिठासारखा, धाकटा अक्रोडासारखा. सावलीत जाडी कशी कळणार? थालीपिठाची आणि चेंडूची सावली सारखीच गोल पडू शकते.

हे असले उद्योग परदेशातच चालतात असं मात्र समजू नका. तमिळनाडूत जवादीच्या डोंगरात कावलूर नावाचं गाव आहे. तिथं आपली मोठी वेधशाळा आहे. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस हा ग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर उडत होते. इकडे कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीशी बसले होते. ग्रह ताऱ्यासमोर यायच्या आधीच तारा मिणमिणला. कावलूरला आधी वाटलं, हा युरेनसचा एखादा नवा उपग्रह असेल. पण विमानातल्या नोंदीत तारा ग्रहाच्या एका बाजूला जेवढ्या वेळा मिणमिणला, तेवढ्याच वेळा दुसऱ्या बाजूला! म्हणजे युरेनसला शनीसारखी कडी आहेत. तोपर्यंत कडी असलेला ग्रह म्हणून फक्त शनी माहीत होता. तुमच्या आजोबांच्या शाळेच्या पुस्तकात युरेनसची कडी नव्हती, ती अशी आली.

तारा कसा विझतो यावरूनही खूप कळतं. ९ जून १९८८ रोजी प्लूटो एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा तारा पटकन विझला नाही. कंदिलाची वात हळूहळू खाली करावी तसा मंद मंद होत गेला. त्यावरून प्लूटोभोवती विरळ हवेचं आवरण आहे हे पक्कं झालं.

हा फरक तुम्हाला घरच्या गच्चीवरून पाहायचा असेल तर दुर्बीणही नको. आपला चंद्र वाटेत येणाऱ्या ताऱ्यांना झाकतच असतो. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा या ठळक तारकाही कधी ना कधी त्याच्याआड जातात. कृत्तिकांचा पुंजकाही जातो. काही पंचांगांत आणि खगोलमंडळांच्या पत्रकांत 'पिधान' म्हणून तारीख आणि वेळ दिलेली असते. आईला किंवा आजोबांना शोधायला सांगा. शुक्ल पक्षातली रात्र निवडा, म्हणजे तारा चंद्राच्या अंधाऱ्या कडेकडून आत जाईल. दहा मिनिटं आधीच गच्चीवर जा, जवळचे दिवे घालवा, आणि ताऱ्यावरची नजर हलवू नका. चंद्राला हवा नाही. त्यामुळे तारा मंद होत नाही, फुंकर मारल्यासारखा एकदम जातो. हातातल्या घड्याळात तेव्हा किती वाजले ते वहीत लिहून ठेवा, आणि दुसऱ्या गावात मामा किंवा आत्या राहत असेल तर त्यांनाही लिहायला सांगा. दोन्ही वेळा सारख्या येतात का, ते मला पत्रानं कळवा.